घोड्यापुढचा माणूस

"आमच्या आजोबांच्या घोड्यापुढे तुमचाच माणूस पळायचा."

मुग्धाचे काका हे हसत म्हणाले. चहाचा कप हातात, पाय खुर्चीवर. शिवथरच्या खोऱ्यातल्या त्यांच्या फार्महाऊसच्या पडवीत आम्ही बसलो होतो. आमच्या कॉलेजच्या धावण्याच्या संघातल्या सहा मुली आणि आमचे सर. समोर कापून झालेली भातखाचरं, उन्हं कललेली, मधे टेबलावर भज्यांचं ताट. काका बोलले ते माझ्याकडे बघून.

"आणि काय पळायचा! घोडा फेसाळायचा, पण हा गडी दमायचा नाही. हातात घुंगरांची काठी. खळ् खळ् खळ्. लोकांना लांबूनच कळायचं, खोत आले. शिवेपर्यंत पळायचा. शीव आली की वाटेवरून खाली उतरायचा, मान खाली घालून उभा राहायचा. घोडा पुढे. पलीकडे पुढच्या गावचा माणूस काठी घेऊन तयारच असायचा."

"रिले रेस म्हणा की," सर म्हणाले.

सगळे हसले. मुग्धा सगळ्यांत जास्त हसली. मग सरांना आणखी सुचलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं.

"उद्या तेच करायचंय आपल्याला. ओढ्यापर्यंत तू पुढे. ओढा आला की तू बाजूला, मुग्धा पुढे. तुझी शीव म्हणजे तो ओढा. रक्तातच आहे तुझ्या, शिकवायला नको."

पुन्हा हसू. माझ्या तोंडात भजं होतं. ते गिळून मी "हो सर" म्हणाले.

कुणी शिवी दिली नव्हती. कुणी हात उगारला नव्हता. गरम भजी खायला घातली होती. आमच्या माणसाच्या पायांचं कौतुक केलं होतं. हा अपमान आहे हे तिथे मी कुणाला सांगितलं असतं, तर त्यांना खरंच कळलं नसतं. काकांना तर नक्कीच नाही. ते माझा मान करत होते. त्यांच्या घरात माझ्या घराचा जेवढा मान होता, तेवढा सगळा त्यांनी काढून दिला होता.

आता आधीचं सांगते.

मी पोलादपूर तालुक्यातली, कापड्याकडची. ठाण्याला मामाकडे राहून शिकते. तिसरं वर्ष. बाबा महाडच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला जातात आणि सुट्टीच्या दिवशी पुस्तिका विकतात. महाडला तळ्यावर दरवर्षी माणसांचा सागर जमतो, तेव्हा रस्त्याकडेला प्लास्टिकचा कागद अंथरून बाबा बसतात. पातळ पुस्तिका, पत्रकं, जुनी भाषणं. मी त्या कागदावर बसून वाचायला शिकले. आमच्या घरात गोष्टीतले राजे नव्हते. गोष्टीत गावकामाला नकार दिलेली माणसं होती. मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणाले ते. काठी टाकून दिली ते. बहिष्कार सोसला, घरं जाळून घेतली, पण परत वाकले नाहीत ते. मला वाटायचं आपणही त्यांच्यातलेच. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मीच धरून चालले होते.

धावायला मला कुणी शिकवलं नाही. वाडीपासून शाळा लांब आणि मधे चढ. बाकीची पोरं चालत, मी पळत. कॉलेजच्या पहिल्या वर्षी सरांनी मला ग्राऊंडवर बघितलं आणि संघात घेतलं, हे खरं आहे. ते मी नाकारत नाही. पण घेतलं ते कशासाठी, हे समजायला मला दोन वर्षं लागली.

सरांच्या भाषेत मी "पेसर" होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत एक जण पुढे राहून वेग धरून ठेवतो. मागच्याला वारा लागत नाही, डोकं चालवावं लागत नाही, फक्त पुढच्याच्या टाचांकडे बघून धावायचं. मग शेवटच्या टप्प्यात पुढचा बाजूला होतो. तोवर तो संपलेला असतो. मागच्या वर्षी मी हे केलं. मुग्धासाठी केलं. मुग्धा आमची कॅप्टन. तिचे वडील संस्थेच्या कमिटीवर, आमचे ट्रॅकसूट त्यांनी दिलेले, या दौऱ्याची बससुद्धा त्यांचीच. मुग्धा वाईट धावते असं नाही. चांगली धावते. पण ती एकटी धावू शकत नाही. तिला पुढे कुणीतरी लागतं. मागच्या वर्षी विद्यापीठाच्या संघात तिची निवड थोडक्यात हुकली. माझी तर विचारायलाच नको. तेव्हा सर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "याला म्हणतात टीम स्पिरिट." सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या.

यंदा आंतरमहाविद्यालयीन शर्यत महाडला होती. पहिल्या सहा जणी विद्यापीठाच्या संघात जाणार. आम्हा दोघींचं शेवटचं वर्ष. मुग्धाचं कॉलेज संपलं की ती परदेशात शिकायला जाणार, हे ठरलेलं. तिला ते प्रमाणपत्र अर्जाला जोडायचं होतं. माझं कॉलेज संपलं की माझं मैदान संपणार. विद्यापीठाकडून धावले तर खेळाच्या कोट्यातून पोलीस, रेल्वे, कुठेतरी दार आणि दाराच्या आत ट्रॅक. नाहीतर ठाण्यात कुठल्यातरी दुकानाच्या काउंटरमागे उभं राहायचं, आयुष्यभर. पळण्याचा आणि माझा संबंध बस पकडण्यापुरता. एवढं सगळं त्या एका सकाळवर होतं.

महाडला जायचंच आहे तर एक दिवस आधी जाऊ, मुग्धाच्या काकांकडे राहू, शिवथरची घळ बघू, थोडं डोंगरात हिंडू, पायही मोकळे होतील, असा बेत सरांनी केला. बसमध्ये गाणी. अंताक्षरी. बस घाटाच्या बाजूला वळली तेव्हा सर मागे वळून म्हणाले, "आता पुढची जबाबदारी आपल्या लोकल माणसाची. वाटाड्या, तयार?"

मी सांगितलं, "सर, मी घळीत कधी गेले नाही. आमचं गाव दुसऱ्या बाजूला आहे."

"अगं, इकडचीच ना तू."

बस खाली गावाजवळ सोडून आम्ही चालत निघालो. सर आणि मुली मागे, मी पुढे. माझ्या पाठीवर माझी पिशवी, हातात मुग्धाची, दुसऱ्या हातात सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या. "तुला सवय आहे ना," असं कुणीतरी म्हणालं होतं. सायली असेल. सायली माझी मैत्रीण. ती मुद्दाम काही बोलत नाही. तिला खरंच वाटतं की मला सवय आहे.

वाट मी चुकवली. चुकवणारच होते. दोन खाचरं ओलांडली आणि आम्ही सरळ कुणाच्या तरी वालाच्या शेतात. वाल नुकता वीतभर वर आलेला. बांधावरून एक बाई ओरडत आली. हातात कोयती, डोक्याला टॉवेल.

"वालावरनं कुठं चाललाव गो? डोळं हायत ना?"

सर पुढे झाले. "सॉरी ताई. आमचा वाटाड्याच चुकला."

"ह्यो कोन वाटाड्या?" बाईने माझ्याकडे बघितलं. "कुठली गो तू?"

"कापड्याकडची."

बाई सरांकडे वळली. "कापडं कुठं, हे कुठं! ती डोंगरापल्याडची. हिला काय ठावं हितलं? ठान्याचा मानूस मी डोंबिवलीत सोडला तर तो घर शोधील काय?" आणि मलाच म्हणाली, "तू तरी कशाला हो म्हनलीस गो? एवढं वझं घिऊन फुडं झालीस ती!"

सगळ्या हसल्या, मीही हसले. बाईने कोयतीने वाट दाखवली आणि पुटपुटत गेली. त्या सबंध दिवसात माझ्याशी सरळ बोललेलं ते एकच माणूस. पण तेव्हा मला तिचा राग आला होता. हे ओझं घेऊन पुढे झाल्याचं तिने सगळ्यांसमोर का काढलं म्हणून.

घळ बघितली. आत थंडगार, दगडाला ओल. बाहेर धबधब्याची बारीक धार उरलेली. फोटो झाले. फोटो मी काढले, कारण तोवर सगळ्यांच्या पिशव्या माझ्याजवळ आल्या होत्या आणि फोनही.

दुपारी काकांच्या फार्महाऊसवर. नवीन कौलं, रंगवलेल्या बैलगाडीचं चाक भिंतीला टांगलेलं, मुंबईच्या पाहुण्यांसाठी चुलीवरचं जेवण. काकांनी एकेकीला नाव-गाव विचारलं. माझी पाळी आली.

"कापड्याकडची? अरे वा. आमची खोती होती तिकडे. वाडी कुठली?"

आमच्याकडे आडनावावरून काही कळत नाही. सगळ्यांचीच आडनावं गावावरून पडलेली. म्हणून वाडी विचारतात. वाडी सांगितली की सगळं सांगून होतं.

"बौद्धवाडी," मी म्हणाले. मोठ्याने. हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणायचा नाही, हे बाबांनी लहानपणीच सांगून ठेवलेलं.

"हां हां," काका म्हणाले. "चांगलं आहे. आता तसलं काही राहिलेलं नाही."

जेवण झालं. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं. सगळ्यांनी ताटं तिथेच सोडली आणि हात धुवायला गेल्या. मी उठले तशा काकी जवळ आल्या. गोड बाई. खालच्या आवाजात म्हणाल्या, "तुझं तेवढं विसळून ठेव गं. मागे नळ आहे."

माझं तेवढं.

मी मागे जाऊन ताट विसळलं. भिंतीला टेकवून ठेवलं. बाकीच्या सगळ्यांची ताटं एक कामवाली बाई उचलून आत नेत होती. तिने माझ्या ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि ते तिथेच ठेवून गेली. तेव्हाही मी स्वतःची समजूत घातली. असेल काहीतरी. काकींनी चुकून म्हटलं असेल. अशी समजूत घालायची आमची तयारी कायम असते. पुस्तिका वाचून वाढलेल्यांचीसुद्धा. पुस्तिकेतला अपमान ओळखता येतो. समोर, हसतमुखाने, भाकरीनंतर आलेला ओळखायला वेळ लागतो.

आणि संध्याकाळी चहाबरोबर तो घोडा आला.

चहा झाल्यावर मी फाटकाशी गेले. तिथेच रेंज येत होती. बाबांना फोन लावला. ते दुसऱ्या शिफ्टला होते, जेवणाच्या सुट्टीत.

"पोचलीस काय गो?"

"पोचले. बाबा, एक विचारू? आपल्यातलं कोण खोताच्या घोड्याम्होरं पळायचं?"

पलीकडे यंत्रांचा आवाज.

"बाबा?"

"कोन बोललं तुला?"

"खोताच्याच घरात हाय मी. मुग्धाचे काका. खरं हाय?"

"हाय. माझा आजा."

"मला का नाय सांगितलंत कधी?"

मग बाबा बोलले ते असं, तुटक तुटक:

"काय सांगू? तळ्यावर मानसं गेली तवा तो तरना होता. वाडीतल्या सगळ्यांनी गावकी टाकली. काठ्या मोडल्या. भाऊबंदांनी याला पन सांगितलं, सोड. यानं नाय सोडली. भाऊबंदांनी वाळीत टाकला त्याला. तरी पळला. म्हातारा होईस्तवर पळला."

"का? भीतीनं?"

"नाय गो. त्याला पळायला आवडायचं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आवडायचं त्याला," बाबा म्हणाले. "आन पळायला दुसरं कायच नव्हतं. आपला मानूस उगाच पळाया लागला तर चोर म्हनून धरतील. घोड्याम्होरं पळला तरच पळता यायचं. माझी आय सांगायची, घरी आला की पाय चोळीत हसायचा. ते कुठल्या पत्रकात घालू? पत्रकात थांबलेल्यांची नावं असतात. आपला थांबला नाय."

सुट्टी संपल्याची घंटा झाली. बाबांनी फोन ठेवला.

मी फाटकाला धरून उभी राहिले. मला रडू आलं नाही. पणजोबाची लाज वाटली असं मी लिहिलं असतं, तर ते सोपं झालं असतं. लाज वाटली नाही. मला त्याचे पाय कळले. चढावर श्वास लागतो आणि मग एकदम सुटतो, तो क्षण मला ठाऊक आहे. तोच त्याला ठाऊक होता. त्याचा जो आनंद होता तोच त्यांनी दोरीसारखा वापरला. त्याचं पळणं त्याचं नव्हतंच. ते खोताच्या घोड्याचं होतं. त्याला जे सगळ्यांत जास्त आवडत होतं, त्याच्याच बदल्यात तो वाटेवरून खाली उतरून मान खाली घालून उभा राहत होता. आणि घरी येऊन पाय चोळीत हसत होता.

आणि मी? मागच्या वर्षी टाळ्या वाजल्या तेव्हा मीही हसले होते.

आत मुग्धा सगळ्यांना सांगत होती, उद्या झाल्यावर परवा पहाटे आपण गडावर जाऊ, काका जीप देतील. कुणीतरी विचारलं, "वाटाड्या कोण?" हसण्याचा आवाज बाहेर आला.

सकाळी महाडच्या बाहेर मैदान. पलीकडे कंपन्यांची धुराडी, वारा तिकडून आला की घसा खवखवणारा वास. शर्यतीची वाट खाचरांमधून, मग टेकाडावर, उतरून ओढा, ओढ्यापलीकडे लांबलचक बांध आणि मग पुन्हा मैदान. बांध अरुंद. एकावेळी एकीनेच धावावं इतका. आजूबाजूला पाणथळ खाचर. बांधावर कुणाला पुढे जायचं असेल, तर पुढचीने खाली उतरायला हवं. सरांनी आदल्या दिवशी नकाशा बघून हीच जागा काढली होती. बांधापर्यंत मी बाकीच्या कॉलेजच्या मुलींना मागे ठेवायचं. बांधावर मी उतरायचं. मुग्धा पुढे गेली की मी पुन्हा बांधावर चढायचं आणि तिच्या मागच्यांना अडवायचं. चिखलातून चढून.

शिट्टी झाली. मी नेहमीसारखी पुढे गेले. मागे मुग्धाचा श्वास. तो मी ओळखते. दोन वर्षं माझ्या मानेवर आहे तो. टेकाडावर आमच्या पुढे चौघी होत्या, मागे घोळका. चढ मला लागला नाही. चढ मला कधीच लागत नाही. उतारावर मला कळलं की आज माझ्यात बरंच शिल्लक आहे. मागच्या वर्षी यावेळी मी रिकामी झाले होते. आज नव्हते. आदल्या रात्रीपासून मी काही ठरवलं नव्हतं. खरंच नव्हतं. सवय मोठी असते. कदाचित मी उतरलेही असते.

ओढ्याच्या काठावर सर उभे होते, शेजारी मुग्धाचे काका. पाण्यात पाय पडला तसे सर ओरडले, "आता! बाजूला हो!"

आणि काका हसत, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "शीव आली गं! शीव आली!"

मी बांधावर चढले आणि मधोमध धावत राहिले.

"हट!" मागून मुग्धा. "ऐकू नाही आलं? हट ना!"

मी वेग वाढवला.

"ए! उतर खाली!"

तिचा हात माझ्या जर्सीला लागला. मागे ओढ बसली. मी कोपर मागे घेतलं, हात सुटला. तिचा पाय बांधावरून घसरला, पोटरीपर्यंत चिखलात गेला. मी ढकललं नाही. ढकललं असतं तर इथे लिहिलं असतं. मी फक्त जागा सोडली नाही. त्या बांधावर मी पहिल्यांदा कुणासाठीही धावले नाही. मागे श्वास नव्हता. मानेवर वारा लागत होता.

मी पाचवी आले. मुग्धा सातवी.

रेषेपलीकडे मी वाकून उभी होते, हात गुडघ्यांवर. पहिला आवाज मुग्धाचा आला. "काल आमच्या घरी जेवलीस तू."

"जेवले," मी म्हणाले. "ताटही विसळून ठेवलं. माझं तेवढं."

तिला कळलं नाही. सायलीला कळलं. सायलीने मान फिरवली आणि बाटलीचं झाकण लावत बसली.

काका आले. आता हसत नव्हते. माझ्याशी बोललेच नाहीत, सरांना म्हणाले, "जवळ केलं की असं होतं. शेवटी जातीवरच..." आणि गप्प झाले, कारण बाबा तिथे येऊन उभे होते. दुसऱ्या शिफ्टनंतर रात्रपाळीतही जादा थांबून, कंपनीच्या निळ्या कपड्यांतच मोटारसायकलवरून आलेले.

सरांनी मला बाजूला घेतलं. म्हणजे सगळ्यांपासून दोन पावलं. सगळ्यांना ऐकू जात होतं.

"निवड समितीला जाऊन सांग, पाय दुखावलाय. स्वतःहून नाव मागे घे. सातवीला जागा मिळेल. कॉलेजचं नाव राहील, तुझंही राहील."

"पाय दुखावलेला नाही सर."

"मग माझ्या संघात तू नाहीस. ग्राऊंडवर पाऊल टाकायचं नाही. बेशिस्त मुलगी मला नको."

"काय बेशिस्त केली?"

"तुला माहीत आहे."

"तुम्ही सांगा."

सरांचं तोंड लाल. त्यांनी बाबांकडे बघितलं. "वडील ना तुम्ही? समजवा हिला. करिअर खराब करून घेईल."

आणि बाबांनी हात जोडले.

माझ्या बाबांनी. प्लास्टिकच्या कागदावर बसून जगाला नकाराच्या गोष्टी विकणाऱ्या माणसाने. "सर, पोर हाय. शेवटचं वर्ष हाय तिचं. मी सांगतो तिला. काय चुकलं असल तर पोटात घ्या." ॲसिडने सुरकुतलेल्या बोटांचे ते दोन हात छातीशी आले होते आणि मान खाली गेली होती. वाटेच्या कडेला उभं राहावं तशी.

आयुष्यात मी बाबांवर कधी ओरडले नव्हते.

"बाबा, हात खाली घ्या."

"गप गो. तुला नाय कळत."

"हात खाली घ्या आधी. मग बोला काय बोलायचं ते."

सगळं मैदान बघत होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत राग होता. माझ्यावरच होता. बापाला चारचौघांत बोलणाऱ्या पोरीवर जसा असतो तसा. पण हात खाली आले. हळूहळू. मग ते सरांना काहीच बोलले नाहीत आणि मलाही नाही. घरी पोचेपर्यंत बोलले नाहीत. आमचं अजून नीट बोलणं झालेलं नाही. तो राग उतरेल की नाही, मला माहीत नाही. मी त्याची माफी मागणार नाही.

बस संघाला घेऊन गेली. काकांकडे, दुसऱ्या पहाटे गडावर जायला, ठरल्याप्रमाणे. माझी पिशवी ड्रायव्हरने खाली ठेवली. सायलीने खिडकीतून हात केला आणि लगेच आत घेतला. त्या संध्याकाळी तिचा निरोप आला: "अगं, सॉरी म्हणून टाक ना. काय जातंय?" मी उत्तर लिहिलं नाही. काय जातं हे जिला विचारावं लागतं, तिचं काहीच गेलेलं नसतं.

सरांचा फोन दोनदा आला. आवाज मऊ. संस्थेत वरून विचारणा होतेय म्हणे. मी स्वतःहून नाव मागे घेतलं तर झालं गेलं विसरायला सगळे तयार आहेत म्हणे. "स्वतःहून" हा शब्द त्यांनी दर वाक्यात घातला. त्या शब्दाचं काम मला आता कळलंय. घोड्यापुढचा माणूसही स्वतःहूनच उतरायचा. खोताला कधी चाबूक उचलावा लागला नाही. म्हणून तर खोताचा नातू ही गोष्ट चहाबरोबर हसत सांगू शकतो. आमच्याकडून जे घेतलं, ते आम्हीच दिलं असं दिसलं पाहिजे, ही त्यांची सगळ्यांत जुनी गरज आहे.

मी देणार नाही.

सोमवारी सराव आहे. मी जाणार आहे. बूट घालून ग्राऊंडच्या मधोमध उभी राहणार आहे. मला काढता येईल, ते मला माहीत आहे. कमिटी त्यांची, ग्राऊंड त्यांचं, शिट्टी त्यांची. काढावं. पण काढणाऱ्याने सगळ्या मुलींसमोर, मोठ्या आवाजात, कारण सांगून काढावं. शिस्त, वर्तन, संघभावना असले शब्द मी ऐकून घेणार नाही. मी दर वेळी एकच विचारणार आहे: काय केलं मी? म्हणा. तोंडाने म्हणा. "ही बांधावरून खाली उतरली नाही," हे वाक्य पूर्ण म्हणा.

ते म्हणेपर्यंत मी तिथून हलणार नाही.